आई-बाबांना घेऊन वेंडोव्हरची गोल वाट : ‘मॉडरेट’ म्हणजे नेमकं किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लंडनमधल्या हॅरोला राहता. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याहून आई-बाबा येत आहेत. बाबा ६७ वर्षांचे, रोज सकाळी हनुमान टेकडी चढणारे. आई ६२, चालायला उत्साही, पण उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. लंडनच्या वायव्येकडच्या वेंडोव्हर गावाच्या स्टेशनवरून निघून परत तिथेच येणारी, रानातून आणि शेतांतून जाणारी सुमारे ११ किलोमीटरची वाट तुम्ही हेरली आहे. पत्रकात तिच्यापुढे ‘मॉडरेट’, म्हणजे मध्यम अवघड, असं लिहिलंय. ती दोघांना झेपेल का, हा तुमचा प्रश्न. आणि बाबांनी फोनवर विचारलेला दुसरा, ‘लोकांच्या उभ्या पिकातून आपण कसं काय जायचं?’

झेपेल. नीट तयारी केलीत तर दोघांनाही झेपेल. ‘मॉडरेट’ वाचून तुम्हाला चढाची धास्ती वाटतेय, पण तो चढ इथे फारसा नाहीच. लक्ष द्यायचं ते पायाखालच्या जमिनीकडे आणि वाट हातची सुटणार नाही याकडे. मी या चिल्टर्न टेकड्यांमध्ये २२ वर्षं चालते आहे, त्यातली १४ वर्षं लोकांना सोबत घेऊन. सखल मुलखात गट नेण्यासाठीची ‘लोलँड लीडर’ ही पात्रता घेतली आहे. एवढ्या वर्षांत माझ्यासोबतचं कुणी चढामुळे मागे फिरलेलं आठवत नाही. चिखल, चुकलेली वाट आणि उशिरा निघणं, यांनी मात्र दिवस वाया गेलेले पाहिले आहेत.

सुरुवात बाबांच्या प्रश्नापासून करते. तो मला फार जवळचा आहे.

माझे सासरे, ज्यांना मी दादा म्हणते, जुन्नर तालुक्यातले शेतकरी. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये ते इथे आले होते आणि मी त्यांना याच भागात फिरायला नेलं. एका कुंपणाच्या फटीतून बाहेर आलो तर समोर मांडीइतका गहू, ओंब्या नुकत्याच निसवलेल्या, आणि वाट सरळ त्या गव्हातून पलीकडच्या झाडांकडे गेलेली. दादा बांधावरच थांबले. मी खांबावरचा पिवळा बाण दाखवला, नकाशा उघडून दाखवला. ‘बाण असू दे. पीक कुणाचंय?’ असं म्हणून ते बांधाबांधानं लांबचा वळसा घालायला निघाले. मी म्हटलं, ‘दादा, ही वहिवाट आहे.’ तेव्हा ते वळले. बाकी काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

बाबांनाही हाच शब्द सांगा. इथे ‘पब्लिक फुटपाथ’ म्हणजे जमीन खाजगी मालकीची, पण तिच्यावरच्या त्या एका रेघेवरून पायी जायचा हक्क सगळ्यांचा. आपल्याकडे पाणंद असते, शिवरस्ता असतो, वहिवाटीचा रस्ता असतो, आणि तो कुणी अडवला की तहसीलदारापुढे दावा चालतो. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे, महसूल संहितेतलं कलम १४३ बांधावरच्या रस्त्याबद्दल आहे. गावाकडच्या माणसाला हे सगळं पाठ असतं. इथे फरक इतकाच की १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. एकदा वाट त्या नकाशावर चढली की जमीन विकली जावो, मालक बदलो, वर्षानुवर्षं कुणी तिथून न चालो, हक्क कायम राहतो. आणि नकाशावर नसलेल्या वाटेनं लोक २० वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता, कुणी न अडवता चालत आले असतील, तर तीही वाट नोंदवून घेण्याचा दावा करता येतो. म्हणजे शब्दशः वहिवाटच. इंग्लंड-वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात.

हे आयतं मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला डार्बीशरमधल्या किंडर स्काउट पठारावर मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. ते पठार शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्यामागे आणि मोकळ्या माळांवर फिरण्याचा हक्क देणाऱ्या २००० च्या कायद्यामागे त्या दिवसाची पुण्याई आहे. लंडनचं आपलं महाराष्ट्र मंडळही त्याच १९३२ सालचं. मी नव्या लोकांना घेऊन निघते तेव्हा हे हमखास सांगते.

शेतकऱ्याचंही कर्तव्य ठरलेलं आहे. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली, तर त्या पिकासाठी पहिल्यांदा नांगरल्यापासून १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची आणि पिकातून किमान १ मीटर रुंदीची मोकळी ठेवायची. बांधाकडेची वाट असेल तर किमान दीड मीटरचा पट्टा, आणि तो नांगरायचाच नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पिकात भांग पाडल्यासारखी मोकळी रेघ दिसते. दादा त्या रेघेत शिरले आणि चार पावलांवर खाली बसले. मूठभर माती उचलली. तिच्यात अर्धेअधिक चकमकीचे दगड, पांढऱ्या सालीचे, आत काचेसारखे काळे. ‘एवढ्या गोट्यांत एवढा गहू?’ मग एक ओंबी न तोडता, दोन बोटांत धरून, ओठ हलवत तिचे दाणे मोजले. पुढचा अर्धा तास आमचं बोलणं फक्त बियाणं आणि पावसावर.

तेव्हा बाबांना सांगा, शेतकरी ओरडणार नाही. पण ती रेघ सोडून पिकात पाय टाकला तर ओरडायचा त्याला पूर्ण हक्क आहे. चौघं असाल तर एकामागे एक चाला, फोटोसाठी सुद्धा बाजूला उतरू नका. मेमध्ये पिवळीधमक शेतं दिसतील. ती मोहरी वाटते, पण ते तेलासाठी लावलेलं रेपसीड आहे, मोहरीच्याच कुळातलं. त्यात उभं राहून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. वाटेवर उभं राहूनही तो तेवढाच छान येतो.

आता ‘मॉडरेट’कडे. या शब्दाचं देशभर चालणारं एकच मोजमाप नाही. जो पत्रक लिहितो तो ठरवतो. डोंगराळ पीक डिस्ट्रिक्टमधलं मॉडरेट आणि चिल्टर्नमधलं मॉडरेट यांत मोठी तफावत असते. म्हणून शब्द बाजूला ठेवा आणि आकडे बघा. तुमच्या वाटेवर चढ सगळा मिळून साधारण २५० मीटरचा आहे, तोही तुकड्यातुकड्यानं. स्टेशनपासून कूम हिलच्या माथ्यापर्यंतचा सगळ्यात मोठा तुकडा जवळपास १३० मीटर. सिंहगडाच्या पायवाटेचा जेमतेम पाव हिस्सा. हनुमान टेकडी रोज चढणाऱ्या बाबांना हा चढ जाणवणारही नाही.

वेळेसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजून वापरतात: ताशी ५ किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक १० मीटरला एक मिनिट जास्त. त्यानं तुमची वाट अडीच तासांहून थोडी जास्त येते. तो हिशोब धडधाकट तरुणाचा, न थांबता चालण्याचा. आई-बाबांसोबत मी याच वाटेला चार तास धरते, आणि डबा खायला पाऊण तास वेगळा. पहिल्यांदा आलेली माणसं प्रत्येक घोड्यापाशी थांबतात, आणि थांबायलाच हवं.

खरी अवघड गोष्ट जमिनीची. चिल्टर्नच्या पोटात खडूचा मऊ पांढरा दगड आहे आणि माथ्यावर बऱ्याच ठिकाणी चकमकीच्या गोट्या मिसळलेली चिकणमाती पांघरलेली आहे. याचा परिणाम आपल्या अंदाजाच्या उलट होतो. सह्याद्रीत पाणी उतरून खाली साठतं आणि चिखल पायथ्याला असतो. इथे उतारावरची खडूची जमीन पाणी पटकन पिऊन टाकते आणि माथ्यावरचं सपाट रान मात्र दिवसेंदिवस ओलं राहतं. चढ संपला, आता सोपं, असं म्हणून पाऊल टाकावं तो बूट घोट्यापर्यंत आत. आपल्याकडची काळी माती जशी पायाला गोळा होऊन चिकटते, तशीच ही. उतारावरचा खडू कोरडा असताना उत्तम, पण वरून नुकती सर येऊन गेली असेल तर तो साबणासारखा निसरडा होतो. मी दोनदा पडले आहे, दोन्ही वेळा खडूवर, दोन्ही वेळा उतरताना.

म्हणून आई-बाबांच्या साध्या चालायच्या बुटांवर भागवू नका. पावसाशिवाय सलग आठवडा गेला असेल तर चालून जाईल, पण मेमध्ये तशी खात्री देता येत नाही. तळव्याला खोल खाचा असलेले, घोटा धरणारे बूट घ्या, आणि ते आई-बाबांना चार-पाच दिवस आधी घरात आणि बागेत वापरायला लावा. आईंसाठी चालायच्या दोन काठ्या घ्याच. गुडघ्याला जास्त त्रास चढताना नाही, उतरताना होतो. उतारावर काठ्या हाताच्या नेहमीच्या उंचीपेक्षा थोड्या लांब करायच्या, आधी काठ्या खाली टेकवायच्या आणि मग पाय. ही सवय घराजवळच्या एखाद्या छोट्या उतारावर आधीच करून घ्या.

आता वाट. हॅरो-ऑन-द-हिलहून एल्सबरीकडे जाणारी गाडी पकडली की न बदलता वेंडोव्हर येतं. स्टेशनबाहेर उजवीकडे वळून चढाच्या रस्त्यानं रूळ आणि बायपास ओलांडायचा. पुढे रस्त्याच्या वळणापाशी डावीकडे रिजवेचा फाटा लागतो. रिजवे म्हणजे विल्टशरमधल्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत जाणारी १३९ किलोमीटरची राष्ट्रीय वाट, १९७३ मध्ये खुली झालेली. तिच्या खांबांवर ओकच्या फळाचं चित्र असतं. ते चित्र कूम हिलच्या पुढेपर्यंत तुमचा वाटाड्या.

बेकम हिलचा गवताळ चढ चढून, थोडं झाडीतून गेलं की कूम हिल, २६० मीटर. माथ्यावरचा स्तंभ १९०४ चा. दुसऱ्या बोअर युद्धात मेलेल्या बकिंगहॅमशरच्या सैनिकांची नावं त्यावर आहेत. १९३८ मध्ये वीज पडून तो जवळजवळ उद्ध्वस्त झाला होता, मग पुन्हा बांधला. एल्सबरीचं सगळं खोरं इथून पायाशी दिसतं, हिरव्या-पिवळ्या तुकड्यांची गोधडी पसरल्यासारखं. इथे आकाशात बघायला सांगा. घारी असतील, पण आपल्याकडच्या नव्हेत: अंगानं तांबूस, शेपटीला खोल खाच. ही तांबडी घार इंग्लंडमधून पूर्ण नाहीशी झाली होती. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, आणि आता या वाटेवर ती न दिसणंच कठीण. वारा असेल तर ती माथ्याच्या काठावर डोळ्यांच्या पातळीवर येऊन तरंगते, पंख न हलवता, फक्त शेपूट सुकाणूसारखी वळवत. इथे डबा खा. तास-दीड तासाच्या चालीनंतर, सगळ्यात सुंदर जागी, आणि मुख्य म्हणजे आईंच्या गुडघ्याचा खरा अंदाज याच ठिकाणी येतो.

गुडघा दुखत असेल तर इथूनच मागे फिरा. येऊन-जाऊन साडेचार-पाच किलोमीटर होतात आणि काहीही चुकल्यासारखं वाटत नाही. जवळच माथ्यावर नॅशनल ट्रस्टचा गाडीतळ आहे, तिथे टॅक्सी बोलावता येते. गोल वाट निवडताना मी नेहमी आधी हेच बघते: अर्ध्यात मोडायची वेळ आली तर सुटका कुठून? नुसती परत त्याच जागी आणते म्हणून गोल वाट सुरक्षित होत नाही. अर्ध्यावर पोहोचलात की पुढेही तेवढंच आणि मागेही तेवढंच. या वाटेवर सुटकेच्या जागा चांगल्या आहेत, म्हणून ती मला ज्येष्ठांसाठी आवडते.

पुढे जात असाल तर स्तंभापाशी रिजवे डावीकडे वळून उताराच्या काठानं जाते, डांबरी रस्ता ओलांडते आणि बीच नावाच्या झाडांच्या रानात शिरते. हे रान डोळे भरून बघा. मेच्या सुरुवातीला बीचची पानं नुकती फुटलेली असतात, इतकी कोवळी की ऊन त्यांच्यातून आरपार हिरवं होऊन खाली येतं. पुढे पानांचं छत दाट झालं की खाली अंधार होतो आणि जमिनीवर फारसं काही उगवत नाही. त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांच्या उजेडात ब्लूबेल हे निळं रानफूल उरकून घेतं, म्हणून ते एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच दिसतं. ज्या रानात ते आहे तिथे निळा-जांभळा धूर खाली बसल्यासारखा दिसतो. वाटेबाहेर पाय टाकू नका. तुडवलेलं रोप सावरायला वर्षं लागतात, आणि रानातले ब्लूबेलचे कंद उपटणं तर १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

बीच इथे इतका का, तर खुर्च्यांमुळे. जवळचं हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. या रानांत कातारी झोपडी टाकून राहायचे, ओला बीच फाडून, पायानं चालवायच्या लेथवर खुर्चीचे पाय कातायचे आणि गठ्ठे बांधून कारखान्यांना विकायचे. त्यांना बॉजर म्हणत. सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहिलेल्या आई-बाबांना हे लगेच कळेल.

रान संपून उतरलं की बकमूरेंडपाशी रस्ता ओलांडायचा आणि समोर उघड्या शेतांत चेकर्स, पंतप्रधानांचं ग्रामीण निवासस्थान. लॉर्ड ली यांनी ते राष्ट्राला दिलं, १९१७ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि १९२१ पासून पंतप्रधान ते वापरतात. राज्यकर्त्यांनी आठवड्यातून दोन दिवस या टेकड्यांची हवा खाल्ली तर देशाचं भलं होईल, असं देणगीदारानं चक्क लिहून ठेवलंय. विशेष म्हणजे रिजवे थेट त्या घराच्या खाजगी रस्त्याला आडवी छेदून जाते. पंतप्रधान झाला तरी वहिवाट मोडत नाही! बाबांना इथे जरा वेळ उभं करा. कॅमेरे आहेत, त्यांचं काही वाटून घेऊ नका, वाटेवर आहात तोवर तुमचा हक्क आहे. वाट सोडून आत मात्र चुकूनही जाऊ नका. एरवी इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा दिवाणी मामला असतो, इथे तो फौजदारी गुन्हा आहे.

तिथून बकमूरेंडला मागे या आणि रानातल्या चढानं डन्समोर या माथ्यावरच्या चिमुकल्या वस्तीकडे जा. मी चिखलाबद्दल लिहिलं तो हा टप्पा. डन्समोरहून पुन्हा झाडीतून कूम हिलच्या गाडीतळाजवळ आणि मग आलेल्या वाटेनं बेकम हिल उतरून स्टेशन. जुन्या पुस्तकांत डन्समोरहून थेट वेंडोव्हरला उतरणाऱ्या वाटा दिल्या आहेत. पण त्या बाजूनं एचएस२ रेल्वेचं मोठं काम चालू असल्यामुळे काही वाटा वळवलेल्या किंवा बंद आहेत. आदल्या दिवशी बकिंगहॅमशर काउन्सिलची बंद वाटांची यादी पाहा. आई-बाबांसोबत तो प्रयोग नको, असं माझं मत आहे.

नकाशाबद्दल दोन गोष्टी ठामपणे सांगते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १८१ घ्या, १:२५,००० वाला. लँडरेंजरवर, म्हणजे १:५०,००० वर, शेतांचे बांध दाखवलेले नसतात, आणि इथली सगळी वाट शोधायची ती बांधांवरूनच. वाट कुंपणाच्या या अंगाला आहे की त्या, हे एक्सप्लोररवरच कळतं. चुकीच्या अंगाला चालत राहिलात तर दोनशे मीटरवर काटेरी हॉथॉर्नची भिंत आडवी येते आणि दार पलीकडे असतं. फोनवर नकाशा घ्याच, पण आधी उतरवून ठेवलेला, आणि कागदी सोबत हवाच.

दुसरी गोष्ट शेतातल्या चाकोऱ्यांची. फवारणीचा ट्रॅक्टर प्रत्येक वेळी त्याच चाकोरीतून जातो, त्यामुळे पिकात दोन समांतर रिकाम्या रेघा पडतात. त्या रुंद आणि स्वच्छ असतात, आणि नवखा माणूस हमखास त्यांनाच वाट समजतो. मग शेताच्या भलत्याच टोकाला जाऊन अडकतो. पायवाट एकच असते, थोडी वाकडी, मधोमध तुडवलेली. शेतात शिरण्याआधी दारापाशी थांबा, पलीकडच्या कुंपणात फट, खांब किंवा दार कुठे दिसतंय ते हेरा, आणि त्या दिशेनं चाला. बाणांचे रंगही ध्यानात ठेवा: पिवळा फक्त पायी चालणाऱ्यांचा, निळा पायी चालणाऱ्यांसोबत घोडे-सायकलींचाही. निळ्या वाटा घोड्यांच्या खुरांनी जास्त चिखलतात. रानात झाडांच्या बुंध्यांवर रंगवलेले पांढरे बाण दिसतील. ते चिल्टर्न सोसायटीचे स्वयंसेवक काढतात. १९६५ पासूनची ही संस्था. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, कारण बीचच्या रानात वाट चुकणं फार सोपं आहे. खाली झुडपं नसतात, त्यामुळे सगळीकडूनच चालता येतं आणि सगळीकडे वाट असल्यासारखं वाटतं.

एका नोव्हेंबरात मी ११ जणांना घेऊन तशीच चुकले. पानगळीनं वाट पूर्ण झाकलेली, गप्पा रंगलेल्या, आणि शेवटचा बाण पाहून वीस मिनिटं झाली हे माझ्या लक्षातच आलं नाही. नोव्हेंबरअखेरीस इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेतीनला रानात अंधारायला लागलं तेव्हा एका काकूंनी माझा हात धरला, काही बोलल्या नाहीत, पण हात गार होता. आम्ही आलो तसेच मागे गेलो, शेवटच्या बाणापर्यंत, आणि तिथून विजेरीच्या उजेडात रस्ता गाठला. तेव्हापासून माझा नियम आहे: दहा मिनिटांत खूण दिसली नाही तर थांबायचं आणि शेवटच्या खात्रीच्या जागी परतायचं. ‘पुढे असेल’ म्हणून पुढे जायचं नाही. मेमध्ये उजेड साडेआठपर्यंत असतो, तरी हा नियम पाळा.

गाईंबद्दल बाबांना वेगळं सांगावं लागेल. गोठ्यात गाईच्या गळ्याला खाजवणाऱ्या माणसाला इथली जनावरं तशीच वाटतात, पण ती माणसाच्या हाताला सरावलेली नसतात. वासरं सोबत असतील तर त्यांच्या आणि गाईच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घ्या. त्यासाठी वाट सोडावी लागली तरी चालेल. तरण्या कालवडी कुतूहलानं धावत येतात. पळू नका. त्यांच्याकडे तोंड करून हात पसरून उभे राहा, त्या थांबतात, मग शांतपणे बाजूला सरका. वाटेच्या शेतात दुभत्या जातीचा मोठा वळू ठेवायला कायद्यानं बंदी आहे. मांसासाठीच्या जातीचा वळू मात्र गाईंसोबत असू शकतो. दार उघडं सापडलं तर उघडंच ठेवा, लावलेलं सापडलं तर लावा.

काही शेतांच्या सीमेवर दाराऐवजी लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात. गुडघेदुखीसाठी हा खरा अडथळा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि खांबाला तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. ओल्या फळीवर पाय मधोमध ठेवायचा.

लांब पँट घाला, मोज्यात खोचून. गवतात आणि नेच्यात गोचिडी असतात. इथल्या काही गोचिडींमधून लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत बघा. दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरला तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. नेटल या रानटी झुडपाची पानं लागली तर खाजकुइलीसारखी आग होते, ती बहुधा काही तासांत जाते, घाबरू नका.

वेंडोव्हर सोडलं की स्वच्छतागृहाची खात्री नाही, त्यामुळे आईंना गावातच जाऊन यायला सांगा. हे कुणी लिहीत नाही आणि बायकांचा अर्धा दिवस पाणी न पिता जातो. पाणी माणशी एक लिटर तरी, आणि ते प्यायला लावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, थर्मासमध्ये चहा. गवतावर बसायला जाड प्लॅस्टिक, कारण कोरडं दिसणारं गवतही ओलं असतं. पातळ तीन थर कपड्यांचे आणि वर पावसाचं जाकीट. पुण्याच्या मेमधून आलेल्या माणसाला इथला १५ अंशांचा वारा माथ्यावर झोंबतो, कानटोपी खिशात असू द्या. येऊन चार-पाच दिवस झाल्यावरच जा, झोपेचं घड्याळ जुळू द्या.

सकाळी दहाच्या आत वेंडोव्हरला उतरा. आदल्या दोन दिवसांत मोठा पाऊस झाला असेल तर डन्समोरचा टप्पा गाळा आणि चेकर्सहून आलात तसेच रिजवेनं परत फिरा. अंतर तेवढंच पडतं, जमीन बरीच बरी मिळते.

आईंचा गुडघा जिना उतरताना दुखतो की बराच वेळ बसून उठताना, ते विचारून लिहा. जिना उतरताना दुखत असेल तर शेवटची बेकम हिलची उतरण टाळून कूम हिलच्या गाडीतळावरच चालणं संपवायचं, तशी आखणी मी सांगते.